उरलेला डोंगर

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरातल्या एखाद्या धुतल्या सकाळी डोंबिवली पूर्वेच्या कुठल्याही उंच गच्चीवर जा. दक्षिणेकडे मलंगगड दिसतो. उतरती बाजू, मग एकदम उभा कडा, आणि माथ्यावर सुळका. गच्चीवर चार माणसं असतील तर त्यांतला एक जण हमखास सांगतो, ‘हा पूर्वी ज्वालामुखी होता.’ बाकीचे मान डोलावतात. त्यांचा तरी काय दोष? शाळेत ज्वालामुखीचं चित्र काढायला सांगितलं की आपण सगळ्यांनी तेच काढलं: एक त्रिकोण, त्याच्या शेंड्याला भोक, भोकातून धूर आणि दोन्ही बाजूंनी लाल ओघळ. मलंगगड त्या चित्रात अगदी चपखल बसतो. फक्त धूर तेवढा कमी पडतो.

पण मलंगगड ज्वालामुखी नव्हे. त्याच्या माथ्यातून कधी काही बाहेर पडलं नाही. तरीही तो पायापासून शेंड्यापर्यंत लाव्हाचाच आहे. त्याच्या पायथ्याचं नेवाळी, पलीकडचं अंबरनाथ, अलीकडचं डोंबिवली, कल्याण, ठाणे, सगळं लाव्हावरच वसलेलं आहे. ज्वालामुखी दाखवायचा झाला तर बोट डोंगराकडे करून भागत नाही, गच्चीवरून खाली करावं लागतं आणि मग चारी दिशांना फिरवावं लागतं. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग याच एका काळ्या खडकाने व्यापलेला आहे.

डोंगर दोन तऱ्हांनी होतात. काही साचून होतात, काही उरून. जपानचा फुजी साचून झाला: राख आणि लाव्हा एकाच तोंडाभोवती थरावर थर पडत गेले. मलंगगड, तावली, चंदेरी, पेब आणि त्यांना जोडून पुढे माथेरान ही आपली रांग उरलेली आहे. आजूबाजूचं पावसाने, ओढ्यांनी, उल्हास नदीने नेलं आणि जे नेता आलं नाही ते उभं राहिलं. मलंगगडाचा माथा समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या घरात आहे, माथेरानचं पठारही तेवढ्याच उंचीवर आहे, आणि तिकडे आसनगावजवळ माहुलीसुद्धा आठशे मीटरच्या पुढे जातो. हे तिन्ही माथे नजरेने एका रेषेत जोडून बघा. एके काळी हा सगळा मुलूख त्या पातळीपर्यंत सलग भरलेला होता. म्हणजे आज जिथे डोंबिवली स्टेशनचा पादचारी पूल आहे, त्याच्या वर सात-साडेसातशे मीटर घट्ट खडक होता. मजल्यांत मोजायचं तर अडीचशे मजले. डोंगर बघताना आपण डोंगराचं कौतुक करतो. खरं नवल मधल्या मोकळ्या हवेचं आहे.

पावसाळ्यात या रांगेकडे पाहिलं की तिची घडण आपोआप वाचता येते. धबधबा कड्यावरून सरळ पडतो, मध्येच एका आडव्या हिरव्या पट्ट्यावर विसावतो, पसरतो, पुन्हा खालच्या कड्यावरून उडी घेतो. कडा, पट्टी, कडा, पट्टी. एक कडा आणि त्यावरची एक पट्टी म्हणजे ढोबळमानाने लाव्हाचा एक लोंढा. लोंढ्याचा मधला भाग सावकाश थंड झालेला, घट्ट. तो कड्यासारखा तुटतो. वरचा भाग फेसाळ, भोकाभोकांचा. तो कुजतो, त्याची माती होते, त्यावर गवत येतं. दोन लोंढ्यांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा पातळ थर असतो. घाटातून गाडी जाताना कापलेल्या दरडीत तो लाल पट्टा सहज दिसतो. खालच्या लोंढ्याच्या माथ्यावर हवा-पाण्याने जी माती झाली, तिला वरचा नवा लोंढा येऊन भाजून गेला, त्याची ही खूण. त्या पट्ट्याच्या जाडीत मधली शांतता साठलेली आहे, कुठे शेकडो तर कुठे हजारो वर्षांची.

आता डोंगर सोडून हातात मावेल असं काही बघू. त्यासाठी कुठे जायला नको. रुळांमधली खडी बघा, नाहीतर बांधकामाच्या जागेवर ओतलेला ढीग. बहुतेक खडे निळसर काळे, घट्ट, फुटलेल्या कडेला धार असलेले. हाच काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. दगडखाणीत काम करणारी माणसं याच खडकाचं रूपाप्रमाणे वेगळं नाव घेतात: फोडून काढलेला डबर, क्रशरमधून निघालेली खडी आणि ग्रिट, आणि वरचा कुजलेला, कुदळीने निघणारा मुरूम. मुरूम म्हणजे मरायला टेकलेला बेसाल्ट, एवढाच फरक. ढिगात जरा हात घातला की वेगळा खडा सापडतो. त्याच्यावर पांढरे, कधी शेवाळी हिरवे ठिपके असतात, मुगाएवढे, वाटाण्याएवढे. प्रत्येक ठिपका एके काळी बुडबुडा होता. लाव्हा जमिनीखाली दाबात असतो तेव्हा पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू त्यात विरघळलेले असतात. वर आल्यावर दाब सुटतो, वायू फुगे करून वर धावतात, पण वरचा लाव्हा तोवर थिजू लागलेला असतो आणि फुगे तिथेच अडकतात. नंतर लाखो वर्षं त्या पोकळीत झिरपत आलेल्या गरम पाण्याने आपल्याबरोबर आणलेली खनिजं तिथे ठेवली. पांढरी बहुधा झिओलाइट असतात, कधी कॅल्साइट, कधी गारगोटी.

पोकळी मोठी असली तर ठिपक्याऐवजी आत स्फटिकांची अख्खी खोलीच निघते. भोर घाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हा असे स्फटिक निघाले आणि जगभरच्या संग्रहालयांत गेले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हान्साइट तर जगभरच्या संग्राहकांत नावाजलेलं. आपण मात्र दगडी भिंतीतली तीच पोकळी, भिंत ओली राहते म्हणून शिव्या घालत, सिमेंटने बुजवतो.

हा एवढा लाव्हा आला कुठून? पृथ्वीच्या पोटात सगळीकडे लाव्हा खदखदतो आहे आणि वरच्या टरफलाला चीर पडली की तो बाहेर येतो, असा आपला समज असतो. तसं नाही. आपल्या पायाखाली शेकडो किलोमीटर खोल जो प्रावरणाचा खडक आहे तो प्रचंड तापलेला असला तरी घनच आहे; वरच्या वजनाचा दाब त्याला वितळू देत नाही. तो खडक काही कारणाने वर सरकू लागला की दाब उतरतो, तापमान तेवढंच राहतं, आणि त्याचा थोडासा हिस्सा वितळतो. उष्णता वाढवून नव्हे, तर दाब सोडून वितळवण्याची ही रीत आहे. वितळलेला भाग आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका, म्हणून तो भेगा फाडत वर येतो. बेसाल्टचा लाव्हा अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसला बाहेर पडतो आणि चांगला पातळ असतो. पातळ लाव्हातून वायू सहज निसटतो, म्हणून मोठे स्फोट कमी होतात. आणि तो लांबवर वाहतो, म्हणून शंकू उभा राहत नाही. आपल्या शाळेच्या चित्राची पंचाईत इथेच होते.

आपल्याकडे तो एका तोंडातून आला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो उसळला. असा मोठा प्रकार माणसाने नजीकच्या काळात एकदा नीट पाहिला आहे. आइसलँडमध्ये ८ जून १७८३ ला लाकी नावाच्या डोंगराजवळ भेग उघडली. तिची लांबी २७ किलोमीटर होती. आठ महिन्यांत तिच्यातून सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला. गंधकाच्या धुराने कुरणं जळाली, गुरं मेली, दुष्काळ पडला, आणि आइसलँडची पाचवा हिस्सा माणसं दगावली. युरोपभर त्या उन्हाळ्यात धुरकट झाकोळ राहिला. आता आपल्या लाव्हाचा, म्हणजे दख्खनचा, हिशेब करा. एकूण लाव्हा दहा लाख घन किलोमीटर होता असा अंदाज धरला, तर साठ हजारांहून जास्त लाकी होतात. शिवाय दख्खनचा एकेक मोठा लोंढाच हजारभर घन किलोमीटरचा किंवा त्याहूनही मोठा असे. आंध्रात गोदावरीच्या काठी राजमहेंद्रीजवळ जो बेसाल्ट आहे, तो रसायनाने आपल्या सह्याद्रीतल्या लाव्हाशी जुळतो. म्हणजे हजार किलोमीटरच्या वर वाहून गेलेले लोंढे. वर कवच धरायचं, आतून लाव्हा वाहत राहायचा, कवचाला खालून उचलत पुढे सरकायचा. उष्णता आत कोंडली गेल्याने एवढा लांबचा पल्ला त्याला जमला.

हे सगळं घडलं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि त्यातला बहुतांश भाग दहा लाख वर्षांच्या आत. भूशास्त्राच्या घड्याळात हे पटकन झालं म्हणायचं. भारत तेव्हा आशियाला चिकटलेला नव्हता; हिंदी महासागरातून वर्षाला १५ सेंटीमीटर किंवा त्याहूनही जास्त वेगाने उत्तरेकडे निघाला होता. वाटेत तो एका खोलवरच्या उष्ण स्तंभावरून गेला आणि त्या स्तंभाने आपल्याला हा लाव्हा दिला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. भारत पुढे गेला, स्तंभ मागे राहिला, आणि त्याचा माग दाखवणारी रांग समुद्रात उमटली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांना मात्र हे पटलेलं नाही. त्यांनी या स्तंभ-सिद्धान्तावर वर्षानुवर्षं हरकती घेतल्या आहेत, आणि खंड ताणले जाऊन फाटताना लाव्हा आपसूक येऊ शकतो अशी त्यांची बाजू आहे. वाद मिटलेला नाही. मला तो मिटू नये असंच वाटतं, कारण या वादापायीच अभ्यासक पुन्हा पुन्हा आपल्या घाटांत हातोडी घेऊन फिरतात.

त्यांच्यापुढची अडचण साधी होती: सगळेच लोंढे काळे. कुठला कुठला ते ओळखायचं कसं? १९८० च्या दशकात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांच्याबरोबरच्या परदेशी अभ्यासकांनी दगडांचं रसायन तपासून या चळतीचे विभाग पाडले आणि त्यांना जवळच्या गावांची नावं दिली. खालून वर: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. वाचताना एसटीच्या वेळापत्रकाची आठवण होते. जगातल्या कुठल्याही भूशास्त्राच्या परिषदेत ही नावं उच्चारली जातात, आणि नेरळला गाडी बदलून माथेरानला जाणाऱ्यांना त्याची गंधवार्ता नसते.

भेगांचं पुढे काय झालं? ज्या भेगांतून लाव्हा वर आला त्यांच्यातच शेवटचा लाव्हा अडकून थिजला आणि जमिनीत उभ्या दगडी भिंती तयार झाल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. भिवंडी, कल्याण, शहापूरच्या पट्ट्यात त्यांची दाटी आहे आणि बऱ्याचशा उत्तर-दक्षिण धावतात, किनाऱ्याला समांतर. आजूबाजूचा खडक झिजला की ही भिंत लांबट टेकडीसारखी वर राहते. सगळ्याच भिंतींनी लाव्हा वरपर्यंत पोचवला असं नाही. किनाऱ्यालगतच्या कित्येक उशिराच्या आहेत, इथली जमीन ताणली जात होती त्या काळच्या.

आणि त्या ताणाची गोष्ट ठाणेकरांनी तरी ऐकलीच पाहिजे. कसाऱ्यापासून माथेरानपर्यंत लोंढे जवळपास आडवे आहेत. कल्याण-पनवेलच्या पट्ट्यात आलं की मात्र ते पश्चिमेला कलू लागतात आणि समुद्राच्या दिशेने खाली बुडतात. सगळी चळतच किनाऱ्याला समांतर रेषेवर वाकली आहे. जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये या वाकणाबद्दल लिहिलं. ते आज पनवेलच्या नावानेच ओळखलं जातं. मुंब्र्याजवळ पारसिकची रांग लोकलच्या दारातून दिसते. तिचे थर मलंगगडासारखे सरळ नाहीत, ते ठाण्याच्या खाडीकडे झुकलेले आहेत. याच रांगेने रेल्वेलाही घाम फोडला. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आलेली गाडी कल्याणला पोचायला १ मे १८५४ उजाडला, कारण मध्ये खाडीवर पूल आणि डोंगरात बोगदे लागले. पुढे १९१६ मध्ये पारसिकचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा सुरू झाला.

हे वाकण का पडलं? लाव्हाच्या अखेरच्या काळात भारताच्या पश्चिम कडेचा एक तुकडा सुटला आणि दूर गेला. तो तुकडा म्हणजे आजची सेशेल्स बेटं. जमीन फाटताना कड ताणली, पातळ झाली आणि खचली. कोकणची पट्टी आणि सह्याद्रीची भिंत यांच्यातला उंचीचा फरक तिथून सुरू झाला; पुढचं काम पावसाने केलं आणि अजून करतो आहे.

थर पश्चिमेला कलले, याचा एक मजेदार परिणाम आहे. कल्याणहून सीएसएमटीकडे जाताना आपण एकेका थराच्या वर चढत जातो. म्हणजे मुंबईचा खडक कल्याणच्या खडकापेक्षा तरुण. मध्य रेल्वेत सीएसएमटीच्या दिशेला ‘अप’ म्हणतात. भूशास्त्राने पाहिलं तर ती गाडी खरोखरच वर जाते, लाखो वर्षं. दख्खनचा मुख्य भर ओसरल्यावरही मुंबईत लाव्हा येतच होता, आणि तिथे पाणीही होतं. शिवडीला पाण्यात शिरून गोळ्यागोळ्यांनी थिजलेला लाव्हा सापडतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर साठ मीटर उंचीचे सरळसोट दगडी खांब आहेत, माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे. लाव्हाचा जाड थर सावकाश निवताना आकसतो आणि त्याला बहुकोनी भेगा पडतात; त्या भेगा आतपर्यंत उतरत गेल्या की खांब तयार होतात. आणि वरळीच्या टेकडीत दोन लोंढ्यांमधल्या गाळाच्या थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. डायनोसॉर हा शब्दही त्यांचाच.

डायनोसॉर आलेच आहेत तर तेही उरकून घेऊ. ते नाहीसे झाले त्याच सुमारास दख्खन पेटलेलं होतं. मेक्सिकोत त्याच वेळी मोठा अशनी आदळला, हेही निश्चित आहे. मग दोष कुणाचा किती? हे ठरवायचं तर लोंढ्यांच्या तारखा बारीक हव्यात. बेसाल्टमध्ये तारीख लावायला सोयीचे झिरकॉनचे कण फारसे नसतात. पण ते सापडले लोंढ्यांमधल्या त्या लाल पट्ट्यांत, राखेबरोबर येऊन बसलेले. २०१९ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात एकाच वेळी दोन गटांनी आपापलं वेळापत्रक मांडलं: एकाने झिरकॉनवरून, दुसऱ्याने बेसाल्टमधल्याच दुसऱ्या खनिजावरून. एकाला मोठा उद्रेक अशनीच्या थोडा आधी दिसला, दुसऱ्याला बहुतेक लाव्हा नंतरचा दिसला. घाटातून जाताना तो विटकरी पट्टा दिसला तर हे आठवावं.

वज्रेश्वरीचं काय, असं कुणी विचारेलच. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. देवीने मारलेल्या राक्षसांचं ते रक्त, अशी आख्यायिका आहे. ज्वालामुखीची आठवण म्हणून हे पाणी गरम राहिलं, असंही सांगतात. दोन्हींपैकी पहिलीच कथा मला अधिक आवडते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा केव्हाच गार झाला. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं. खोल गेलं की कुठेही उष्णता वाढतेच. ते तापतं आणि दुसऱ्या भेगेने पुन्हा वर येतं. अशा झऱ्यांची ओळ पालघरपासून राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर आहे. म्हणजे लाव्हा नव्हे, पण जमिनीचं ते जुनं फाटणं या पाण्याला वाट देत असावं. आपला मुलूख पुन्हा पेटणार का, याचं उत्तर सरळ नाही असं आहे. भारतात जागा ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट.

अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलात तर भिंतीच्या दगडाकडेही बघा, नुसत्या मूर्तींकडे नको. वालधुनीच्या काठचं हे देऊळ शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात, १०६० मध्ये पुरं झालं. पाथरवटांनी हाच काळा पाषाण कोरला. तो कठीण, छिन्नीला दाद न देणारा, म्हणून काम सावकाश होतं, पण एकदा झालं की हजार वर्षांच्या पावसालाही पुरून उरतं. त्याही आधी सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरातला माल नाणेघाटाने जुन्नरला चढत असे. तो घाटही याच लोंढ्यांच्या चळतीत खोदलेली खिंड. आज खाणी आणि क्रशर तेच काम तासाभरात करतात, आणि खाणीनंतर उरलेल्या खड्ड्यात पाणी साचतं. पारसिकच्या कित्येक टेकड्या आता अर्ध्याच शिल्लक आहेत.

या चळतीचा तळ आपल्याकडे उघडा कुठेच दिसत नाही. जव्हार-इगतपुरीचे थर सगळ्यांत खालचे, पण तेही कशावर बसले आहेत ते त्या भागात नजरेला पडत नाही. तळ गाठला तो दक्षिणेत, आणि वेगळ्याच कारणाने. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेचा परिसर शास्त्रज्ञांच्या डोळ्यांपुढून हटला नाही. तिथे भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल छिद्रं पाडली गेली. एका ठिकाणी ९३३ मीटर बेसाल्टमधून पातं उतरलं आणि खाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला. दुसऱ्या ठिकाणी, गोठण्याला, १२४७ मीटरवर. मध्ये ना नदीचा गाळ, ना वाळूचा थर. लाव्हा आला तेव्हा त्या जागी उघडा, झिजलेला, अब्जावधी वर्षं जुना कातळ पडलेला होता आणि लोंढा थेट त्यावर पसरला. बाहेर काढलेले खडकाचे ते लांब दंडगोल कराडच्या भूगर्भ प्रयोगशाळेत पेट्यांमध्ये ओळीने ठेवले आहेत, आणि बेसाल्ट जिथे संपतो तो सांधा त्यांवर बोट ठेवून दाखवता येतो.